प्रवेश नोंदवही आणि हजेरीपट

संस्थेच्या वर्धापनदिनी प्राचार्यांची नावे, नव्या इमारतीचे उद्घाटन आणि आलेली यंत्रसामग्री यांची उजळणी होते. ती व्हावीच. पण तालुक्याच्या गावातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे आपल्या आयटीआयचा, खरा जमाखर्च दोन वह्यांत असतो. फाटकातून आत कोणाला घेतले, हे प्रवेश नोंदवही सांगते. आत आलेला टिकला का, हे हजेरीपट सांगतो. शिल्पनिदेशक म्हणून माझी सगळी नोकरी या दोन वह्यांच्या मधल्या जागेत झाली. त्यामुळे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा प्रवेशाच्या आणि उपस्थितीच्या नियमांचाच लिहायचा, असे मी ठरवले. हे नियम आपल्या संस्थेने केलेले नाहीत. ते दिल्लीत आणि मुंबईत ठरले आणि सगळीकडे लागू झाले. त्यांची किंमत मात्र बेंचवर उभ्या राहिलेल्या मुलामुलींनी दिली, आणि त्यांचे फळही त्यांनाच मिळाले.

या शिक्षणाच्या मुळाशी युद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि सैन्याच्या तांत्रिक दलांना फिटर, टर्नर, वेल्डर पुरेनासे झाले, तेव्हा १९४० मध्ये तत्कालीन सरकारच्या कामगार खात्याने तंत्रप्रशिक्षणाची योजना काढली. ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत तर इथले कारागीर शिकायला थेट इंग्लंडला गेले. युद्ध संपत आले आणि सैन्यातून मोकळे होणाऱ्या लाखो जवानांना काम कुठून द्यायचे, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. पाठोपाठ फाळणी झाली आणि निर्वासितांनाही याच प्रशिक्षणाने हात दिला. आपल्या संस्थेचा जन्म त्यानंतर बराच उशिरा झाला, तरी ही पूर्वपीठिका मला फार महत्त्वाची वाटते. आयटीआयच्या पहिल्या दारात उभा असलेला माणूस गुणवत्ता यादीतला नव्हता. ज्याचे घर किंवा नोकरी गेली होती, ज्याला पुन्हा पायावर उभे राहायचे होते, त्याच्यासाठी ते दार उघडले होते.

१९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तेव्हा देशभरात अशा सुमारे ५० संस्था होत्या. बी. शिवा राव यांच्या समितीने १९५४ मध्ये अहवाल दिला आणि त्यानुसार १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांचा दर्जा देशभर एक राहावा म्हणून त्याच वर्षी राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद झाली. पुढे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आला आणि आयटीआयमधून बाहेर पडलेल्याला कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घेण्याचे बंधन मालकांवर आले. महाराष्ट्रात हा कारभार आधी तंत्रशिक्षण संचालनालयाकडे होता. १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय वेगळे झाले आणि तालुक्यातालुक्यात आयटीआय काढण्याच्या धोरणाने जोर धरला. आज राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत.

आता प्रवेशाकडे वळतो. किमान वय १४ वर्षे ही अट पूर्वीपासून आहे. शिक्षणाची अट ट्रेडप्रमाणे बदलते. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांना दहावी उत्तीर्ण लागते. वेल्डर, प्लंबर, सुतारकाम, वायरमन अशा ट्रेडमध्ये दहावीत गाडी अडलेल्यालाही जागा आहे. बाकीच्या शिक्षणव्यवस्थेत दहावी नापास हा शेवटचा शिक्का असतो. आपल्या नोंदवहीत तो प्रवेशाचा एक प्रकार आहे. या एका तरतुदीसाठी, मला वाटते, आयटीआयचे नाव सन्मानाने घ्यायला हवे. पुढे भाषा विषयांची परीक्षा देऊन दहावी किंवा बारावीची समकक्षता मिळवण्याची सोय झाली, पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू लागला, आणि ज्या वाटेने शाळा सुटली होती त्याच वाटेने काही जण परत आले.

नोंदवहीतला आणखी एक रकाना मी नेहमी थांबून वाचतो, तो म्हणजे वडिलांचा व्यवसाय. शेतमजूर, शेतकरी, हमाल, कोतवाल, सुतार, एसटी चालक, गवंडी. गावगाड्यात सुताराच्या पोराने रंधा धरायचा, लोहाराच्या पोराने घण उचलायचा, आणि ज्याच्या घराण्यात हत्यार नाही त्याने ते शिकायचे कुठे, हा प्रश्नच कोणी विचारत नसे. आयटीआयने हत्यार घराण्याकडून काढून घेतले आणि अर्जाच्या हवाली केले. अर्ज कोणीही भरावा, आरक्षणाच्या जागा नियमाने भराव्यात, आणि एका व्हाइसला लोहाराचा मुलगा तर शेजारच्या व्हाइसला ज्याच्या सात पिढ्यांनी कानस पाहिली नाही असा मुलगा उभा राहावा. हे घडताना मी रोज पाहिले. भाषणांत याचा उल्लेख क्वचित होतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मुलींच्या बाबतीत मात्र दार उघडायला वेळ लागला. फार दिवस मुलींचा ट्रेड म्हणजे कटिंग अँड सुइंग, असेच समीकरण होते. आता प्रत्येक ट्रेडमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, आणि इलेक्ट्रिशियन, कोपा, ड्राफ्ट्समन या ट्रेडमध्ये त्या दिसूही लागल्या आहेत. फिटर आणि वेल्डरमध्ये त्या अजून कमी आहेत. यात आवडीनिवडीचा भाग जितका आहे, तितकाच दुसऱ्या पाळीचाही आहे. दुसरी पाळी संध्याकाळी सुटते. तेव्हा वाडीवरची शेवटची एसटी किती वाजता आहे, हे पाहूनच आईवडील ट्रेड ठरवतात. प्रवेशाची राखीव जागा आणि एसटीचे वेळापत्रक यांची सांगड कोणत्याही शासन निर्णयात आलेली मी पाहिली नाही.

अर्ज, गुणवत्ता यादी आणि फळ्यावर डकवलेले कागद यांची जागा आता राज्यस्तरीय ऑनलाइन प्रवेशाने घेतली आहे. अर्ज भरायचा, पसंतीक्रम द्यायचा आणि फेऱ्यांची वाट पाहायची. वशिल्याची कुजबुज यामुळे बंद झाली, हा मोठा फायदा झाला. तोटा एवढाच, की पूर्वी मुलगा बापासोबत संस्थेत येई, वर्कशॉप पाहून जाई, लेथ कशाला म्हणतात ते विचारी. आता सायबर कॅफेवाला त्याचा पसंतीक्रम भरतो. टर्नर आणि मशिनिस्ट यांतला फरक न कळताच मुलगा आत येतो आणि दोन महिन्यांत निघून जातो.

या निघून जाण्याचा हिशेब व्यवस्थेने पूर्वी धरलेला होता. फिटरच्या एका युनिटची मंजूर संख्या बराच काळ १६ होती, आणि त्यावर ५ जादा जागा भरण्याची मुभा होती. काही जण सोडून जाणारच, तर यंत्रे मोकळी राहू नयेत, असा त्यामागचा विचार होता. नंतर युनिट २० चे झाले आणि जादा जागा रद्द झाल्या. कागदावर ते नीटनेटके दिसते. पण प्रवेशाची मुदत संपल्यावर जो जातो, त्याची जागा पुढचे प्रवेश होईपर्यंत रिकामी राहते, आणि बाहेर प्रतीक्षेत राहिलेला मुलगा तोवर कुठेतरी हमालीला लागलेला असतो. जादा जागांची तरतूद परत यावी, असे माझे मत आहे.

सार्वजनिक-खाजगी भागीदारीच्या योजनेचाही उल्लेख करायला हवा. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयसाठी ती राबवली गेली. संस्था व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले आणि २० टक्क्यांपर्यंत जागा भरण्याचा अधिकारही मिळाला. यंत्रे आली, हे खरे. त्या जागांचे शुल्क मात्र सर्वांना परवडणारे नव्हते.

आता हजेरी. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायचे तर ८० टक्के उपस्थिती लागते. ही अट जाचक आहे, असे पालक सांगत येतात, आणि कॉलेजात तर कोणी विचारत नाही, असेही म्हणतात. त्यांना मी फिटरच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडून दाखवीत असे. सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाचे १,२०० तास आहेत. त्यांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास व्यवसाय सिद्धान्ताचे आणि १२० तास रोजगारक्षमता कौशल्याचे. यातले २० टक्के, म्हणजे २४० तास, नियम आधीच सोडून देतो. वर्षभराच्या संपूर्ण थिअरीइतके तास गैरहजर राहूनही मुलगा परीक्षेला बसू शकतो. याहून अधिक सूट मागणाऱ्याला नेमके काय शिकायचे उरते?

आणि प्रात्यक्षिकाचे तास म्हणजे काय, हे बेंचवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. फिटरचा मुलगा पहिल्या आठवड्यात कानस धरतो तेव्हा ती त्याच्या हातात डोलते. पुढे रेटताना पुढचे टोक खाली जाते, मागे येताना मागचे, आणि जॉबचा पृष्ठभाग मधोमध फुगीर होतो. पायांत किती अंतर ठेवायचे, भार कोणत्या हातावर कधी न्यायचा, परतीच्या फेरीत दाब कसा काढायचा, हे फळ्यावर दहा मिनिटांत सांगून होते. अंगात मुरायला कित्येक आठवडे लागतात. सुरुवातीच्या जॉबना ०.२५ मिलिमीटरची सवलत असते. पुढे जोडणीचे काम येते, तेव्हा ती ०.०४ मिलिमीटरवर येते, आणि कोनात अर्ध्या अंशाहून जास्त चूक चालत नाही. नर-मादी जोडाचे दोन तुकडे एकमेकांत घातले आणि उजेडाकडे धरले, की फटीतून प्रकाश दिसता कामा नये. ०.२५ पासून ०.०४ पर्यंतचा हा प्रवास पुस्तकाने होत नाही, बदलीवर पाठवलेल्या मित्राने होत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तर मुळीच होत नाही. पोहणे जसे पाण्यातच शिकावे लागते, तसे हे बेंचवरच शिकावे लागते. मधे पंधरा दिवस खाडा करून आलेल्या मुलाची कानस पुन्हा डोलायला लागते. वेल्डरचा इलेक्ट्रोड पुन्हा चिकटतो. टर्नरचा हात क्रॉस स्लाइडवर पुन्हा कचरतो. हजेरीपटातल्या ‘गै’चा अर्थ वर्कशॉपमध्ये डोळ्यांना दिसतो.

सुरक्षेचा मुद्दा तर आणखी गंभीर आहे. ग्राइंडरवर चष्म्याशिवाय जायचे नाही, चकमध्ये चावी ठेवून मशीन सुरू करायचे नाही, कोणत्याही तारेला हात लावण्याआधी टेस्टर लावायचा, या सूचना ज्या दिवशी झाल्या त्या दिवशी जो नव्हता, त्याला मी तसाच यंत्रावर सोडू शकत नसे. त्याच्यासाठी तो तास वेगळा घ्यावा लागे. निदेशकाने हा जादा तास घेण्याची प्रथा आपल्या वर्कशॉपमध्ये आहे, आणि ती नव्या सहकाऱ्यांनी पुढे चालवली याचा मला आनंद आहे.

रजेचे नियम तसे समंजस आहेत. वर्षाला १२ किरकोळ रजा, आणि आजारपणासाठी १५ दिवसांपर्यंत वैद्यकीय रजा. न कळवता सलग गैरहजर राहिले, तर पालकांना पत्र जाते आणि शेवटी पटावरून नाव कमी होते. ‘नाव कमी करणे’ हे कार्यालयातले दोन मिनिटांचे काम आहे. लाल शाईची एक रेघ आणि सही. आपल्या संस्थेत गटनिदेशकांनी एक गोष्ट जपली. रेघ मारण्याआधी कोणीतरी त्या मुलाच्या घरी जाऊन यायचे. नियमात ते लिहिलेले नाही. पण घरी गेल्यावर जे कळे, ते पत्राच्या उत्तरात कधीच आले नसते. बाप ऊसतोडीला गेलेला आणि घरात म्हातारी व दोन जनावरे मुलाच्या अंगावर. सोयाबीन काढणीला मजूर नाही. कुठे बहिणीचे लग्न, तर कुठे पोराने रात्री ढाब्यावर काम धरलेले. आळशीपणाने घरी बसलेलाही एखादा निघे, नाही असे नाही. पण तो अपवाद असे. हजेरी दिवाळीच्या आगेमागे उतरते आणि काढणी संपल्यावर सावरते, हे आपल्या भागातल्या कोणत्याही वर्षाचा पट उघडला तरी दिसेल. पूर्ण पट भरलेला दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रे धुऊन-पुसून पूजेला मांडायची असतात आणि घरी राहायला कोणी तयार नसतो.

उपस्थितीचा प्रश्न शेवटी पैशाशी येऊन थांबतो. राज्यातल्या आयटीआयच्या प्रशिक्षणार्थ्यांना मिळणारे विद्यावेतन होते महिना ४० रुपये. हा आकडा चाळीस वर्षे तसाच राहिला. सुरुवातीला त्या पैशात महिन्याचे काहीतरी भागत असेल. शेवटी शेवटी एका दिवसाचे जाण्यायेण्याचे भाडेही निघत नव्हते. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांसाठी ५०० रुपये केले. हा निर्णय योग्य आहे आणि त्याचे स्वागत आहे. तरीही शेतात एक दिवस मजुरीला गेले तर काय मिळते, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. जो मुलगा रोज मजुरी सोडून बेंचवर येतो, तो शिकण्यासाठी आपल्या पदरचे पैसे घालत असतो. हजेरीचा नियम करणाऱ्याने आणि राबवणाऱ्याने ही गोष्ट नजरेआड करू नये.

ऑगस्ट २०१३ मध्ये सत्र पद्धती आली आणि २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक पद्धती सुरू झाली. सत्र पद्धतीत परीक्षा दुप्पट झाल्या. त्यांच्या तयारीत आणि निकालात वर्कशॉपचे दिवस गेले. याहून अधिक त्याबद्दल लिहिण्यासारखे नाही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. वर्कशॉपला कुलूप लागले. थिअरीचे तास मोबाइलवर सुरू झाले, आणि हजेरी म्हणजे पडद्यावर दिसणारे नाव, असे झाले. आपल्या निदेशकांनी मनापासून शिकवले. घरच्या घरी स्क्रू ड्रायव्हर आणि बोर्ड घेऊन वायरिंग दाखवणारे, जुनी कानस आणून चित्रण करणारेही होते. पण बघून जॉब होत नाही. ज्यांच्या घरी एकच मोबाइल होता, आणि तो बापासोबत कामावर जाई, त्यांची नावे पडद्यावर दिसलीच नाहीत. संस्था पुन्हा उघडली तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्या वर्षाचे जॉब परत करायला लावले. त्या तुकडीने कुरकुर न करता सुट्टीच्या दिवशीही वर्कशॉपला येऊन ते पूर्ण केले. तोवर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत. गावोगावच्या मुलांनी दुधाच्या गाड्या, टेम्पो आणि सायकली यांवर संस्था गाठली. त्या वर्षांचे हजेरीपट या स्मरणिकेत छापले असते, तरी मला चालले असते.

आता बोटाचा ठसा आला आहे. ठशाच्या हजेरीमुळे एकाच्या नावाची हाक दुसऱ्याने देणे संपले, आणि हे चांगलेच झाले. सकाळी ठसा आणि संध्याकाळी ठसा, मधल्या वेळेत मात्र यंत्राला काही दिसत नाही. त्या वेळची हजेरी प्रशिक्षणार्थ्याच्या प्रात्यक्षिक वहीत असते. कोणता जॉब, किती तास, मोजमाप काय आले, निदेशकाची सही कधीची. म्हणून नव्या निदेशकांना माझे सांगणे आहे, की ठशाच्या अहवालासोबत ही वही रोज पाहा. एखाद्याचा ठसा आहे आणि जॉब नाही, हे पहिल्या आठवड्यात लक्षात आले तर दुरुस्त होते. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर लक्षात आले, तर कोणाच्याच हातात काही उरत नाही.

पुढचा प्रश्न फाटकाबाहेरचा आहे. नव्या अभ्यासक्रमात दर वर्षी १५० तासांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण सक्तीचे झाले आहे. हे तास कारखान्यात, गॅरेजमध्ये किंवा सब-स्टेशनवर होतात, आणि त्यांची हजेरी तिथला सुपरवायझर लिहितो. चांगल्या कारखान्यात मुलगा दीडशे तासांत जे शिकतो, ते आपल्याकडच्या जुन्या यंत्रांवर शिकवता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी त्याला चहा आणायला आणि शेड झाडायला लावतात, आणि तास मात्र पूर्ण भरतात. आपले माजी प्रशिक्षणार्थी आज औद्योगिक वसाहतींत फोरमन आहेत, काहींची स्वतःची वर्कशॉप आहेत. त्यांनी आपल्या मुलांना या दीडशे तासांसाठी घ्यावे, रोजच्या कामाची नोंद आपल्या सहीने द्यावी, आणि निदेशकांनी महिन्यातून एकदा तिथे जाऊन ती वही तपासावी, असा प्रस्ताव मी मेळाव्यात मांडणार आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी नाव, ट्रेड आणि वर्कशॉपचा पत्ता कार्यालयात नोंदवावा. पुढच्या तुकडीचे प्रवेश ऑगस्टमध्ये आहेत.